ब्रेक पॅड: कंपनीचा की बाहेरचा?

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी गॅरेजमधून फोन येतो. "साहेब, पुढचे पॅड संपलेत. कंपनीचे टाकू की बाहेरचे?" पाठोपाठ दोन किमती सांगितल्या जातात, आणि आपण ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर येऊन, बहुतेक वेळा किमतीकडे बघूनच, उत्तर देऊन मोकळे होतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये असो, कोपरीत असो की वाशीच्या सेक्टरमध्ये, हा संवाद रोज होतो. पण ज्या भागावर घरच्यांचा जीव अवलंबून आहे तो निवडायला एवढी माहिती पुरत नाही. बाहेरचा माल म्हणजे नेमका कुठला, हे फोनवर कुणीच सांगत नाही, आणि खरा फरक तिथेच आहे.

आधी पॅड समजून घेऊ. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कला धरून असलेल्या चिमट्यासारख्या भागातला, पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड त्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. प्रत्येक पॅडला मागे एक जाड स्टीलची प्लेट असते आणि तिच्यावर लायनिंगचा, म्हणजे घासणाऱ्या मिश्रणाचा थर असतो. नव्या पॅडमध्ये हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. त्यात सगळं धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन असतं. ताकदीसाठी स्टीलचे, अरामिडचे किंवा खनिजांचे तंतू, घासण्यासाठी अॅल्युमिनासारखी कठीण पूड, ते घासणं सौम्य करण्यासाठी ग्रॅफाइट आणि उरलेली जागा भरायला बॅराइटसारखी खनिजं असतात. हे सगळं दाबून, भट्टीत भाजून तयार होतं. गोड्या मसाल्याचे जिन्नस सगळ्यांना ठाऊक असतात, पण प्रमाण आणि भाजणी घरोघरी वेगळी. इथेही तसंच आहे. वरून सारखे दिसणारे दोन पॅड आतून पूर्ण वेगळे असू शकतात आणि डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

या थराचं काम म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणं. माणसांसह १,२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर साधारण १६७ किलोज्यूल ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन शिरते. ताशी ३० वरून थांबवली तर याचा चौथा हिस्सा. घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत सकाळच्या गर्दीत आपण शंभर वेळा ब्रेक दाबतो, पण वेगच नसतो, त्यामुळे पॅड झिजतात, फार तापत नाहीत. घाट उतरताना मात्र हिशेब पालटतो. समजा कसारा किंवा माळशेज घाटात गाडी ३०० मीटर खाली आली आणि वेग फक्त ब्रेकनेच आवरला. तेवढ्या उतारात जी उष्णता तयार होते ती ताशी ६० वरून गाडी २१ वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते, आणि मध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही. गाडीचं वजन कितीही धरा, हे २१ बदलत नाही.

पॅडची खरी परीक्षा इथे होते. तापमान ३०० अंशांच्या पुढे गेलं की मिश्रणातलं रेझिन हळूहळू विघटित होऊ लागतं, त्यातून वायू सुटतात आणि घर्षण घटतं. पेडल नेहमीसारखं कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. याला फेड म्हणतात. चांगल्या पॅडमध्येही तापल्यावर घर्षण थोडं कमी होतं, पण बेताने कमी होतं आणि थंड झाल्यावर परत येतं. निकृष्ट पॅड रोजच्या गर्दीत अगदी व्यवस्थित वागतो, महिनोन्‌महिने शंका येऊ देत नाही, आणि सुट्टीत चार माणसं व सामान भरून नाशिकहून परतताना पहिल्यांदा उघडा पडतो. "मी तर वर्षभर वापरतोय, काही झालं नाही" हा अनुभव प्रामाणिक असतो, पण तो फक्त घोडबंदर रोडचा अनुभव असतो.

(घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला याच कारणासाठी आहे. जितकी ऊर्जा इंजिन खातं तितकी पॅडला खावी लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडायची सोय बहुधा असते, ती वापरावी.)

आता बाहेरचा माल. गाडी बनवणाऱ्या कंपन्या पॅड साधारणपणे स्वतः तयार करत नाहीत. ब्रेक्स इंडिया, अलाइड निप्पॉन यांच्यासारखे भारतीय उत्पादक किंवा परदेशी पुरवठादार ते बनवतात आणि गाडीच्या कंपनीला देतात. त्यामुळे दुकानाच्या काउंटरवर तुमच्यापुढे खरं तर चार प्रकारचा माल येऊ शकतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, म्हणजे जेन्युइन पार्ट. पुरवठादाराच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यातला. गाडीच्या कंपनीला कधीच माल न पुरवलेल्या, पण स्वतःचं नाव, कारखाना आणि चाचणीची सोय असलेल्या उत्पादकाचा. आणि चौथा, ज्याच्यावर कुणाचंच खरं नाव नाही किंवा दुसऱ्याचं चोरलेलं नाव आहे. गॅरेजवाल्याच्या बोलण्यात मागचे तिन्ही "बाहेरचे" असतात. दुसऱ्या आणि चौथ्यामध्ये जितकं अंतर आहे तितकं पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये बहुतेक वेळा नसतं.

दुसऱ्या प्रकाराबद्दल एक गैरसमज मात्र पक्का बसलाय. "तीच कंपनी बनवते, फक्त खोकं वेगळं, पैसे कमी." कधी हे खरं असतं, पण नेहमी नाही. तोच उत्पादक खुल्या बाजारासाठी वेगळं मिश्रण वापरू शकतो, शिम, म्हणजे पॅडमागची आवाज दाबणारी पातळ पट्टी, वगळू शकतो, प्लेटवरचा रंग साधा देऊ शकतो. नाव तेच असलं तरी पॅड तोच असेल असं धरून चालू नये.

मग कंपनीच्या खोक्यातल्या पॅडचे जास्तीचे पैसे कशाचे? एक तर जुळवणीचे. त्या गाडीचं वजन, डिस्कचा आकार, मागचे ब्रेक, एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, गणित हे सगळं धरून ते मिश्रण निवडलेलं असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर कसा वाटायचा हे ठरलेलं असतं. पुढे भलताच कमी पकडणारा पॅड बसवला तर तोल बदलतो आणि मागची चाकं आपल्या वाट्यापेक्षा जास्त काम करू लागतात. एबीएस हे बऱ्याच अंशी सांभाळून घेतं, पण त्याची रचना मूळ पॅड गृहीत धरूनच झालेली असते. दुसरी गोष्ट आवाजाची. ब्रेकची किंचाळी काढून टाकायला गाडीच्या कंपन्या बरीच मेहनत घेतात. पॅडच्या कडा तिरक्या कापणं, मध्ये खाच देणं, मागे रबराचा थर असलेले शिम लावणं हे त्यासाठीच. पण म्हणून मूळ पॅड सर्वांत उत्तम असतो असंही नाही. तोही तडजोडच असतो. कमी आवाज, कमी काळी पूड, बरं आयुष्य, पुरेशी पकड आणि कारखान्याला परवडणारी किंमत, या सगळ्यांची.

त्यामुळे एखादा चांगला बाहेरचा पॅड एखाद्या बाबतीत मूळ पॅडला मागे टाकू शकतो. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे पॅड साधारणपणे शांत असतात आणि चाकावर कमी पूड सोडतात. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड उष्णता बरी सोसतात, पण आवाज, पूड आणि डिस्कची झीज वाढवतात. युरोपीय गाड्यांची पुढची अलॉय व्हील काळवंडलेली दिसतात त्याचं कारण बहुधा हेच, कारण तिकडे थोडा धातू असलेलं मिश्रण पसंत केलं जातं. जपानी आणि कोरियन घराण्याच्या गाड्यांत शांत, मऊ मिश्रणाकडे कल असतो. शर्यतीच्या धाटणीचे पॅड ठाण्यात घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ते तापल्यावर चांगले चालतात, आणि मानपाडा ते कापूरबावडी या अंतरात ते तापतच नाहीत.

"हा पॅड लावला की गाडी कमी अंतरात थांबेल" या जाहिरातीवरही लगेच विश्वास ठेवू नका. पेडल जोरात दाबल्यावर एबीएस थरथरू लागलं, म्हणजे पॅडने आपलं काम केलं. आता टायर आणि रस्ता यांच्यातली पकड संपली आहे. जुलैत ओल्या काँक्रीटवर थांबण्याचं अंतर पॅडपेक्षा टायर ठरवतात. चांगल्या पॅडचा फायदा असा की ती पकड पुरेपूर वापरता येते, गाडी थंड असो वा तापलेली, आणि दर वेळी पेडलवर सारखाच जोर लागतो.

आता हे सगळं ग्राहकाने ओळखायचं कसं? पॅडच्या कडेवर किंवा प्लेटच्या मागे काही अक्षरं छापलेली असतात. शेवटची दोन अक्षरं, उदाहरणार्थ एफएफ, एफई, जीजी, ही घर्षणाची पायरी सांगतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं जास्त तापमानाचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई लिहिलं असेल तर तापल्यावर पकड एक पायरी उतरते असा अर्थ. ही अक्षरं म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. प्रयोगशाळेत लहानशा तुकड्यावर घेतलेलं मोजमाप आहे ते, आणि अनेक मूळ पॅडवर ई हे अक्षर असतं. तरी जुन्या मूळ पॅडवर एफएफ आणि नव्यावर ईई दिसलं, तर पेडल जास्त दाबावं लागणार हे आधीच कळतं.

याहून जास्त वजन मी युरोपच्या आर९० या नियमाला देतो. बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या आसपास, १५ टक्के वर किंवा खाली, एवढ्या मर्यादेत असली पाहिजे असं हा नियम सांगतो, आणि तपासणी त्या-त्या गाडीच्या ब्रेकवर होते. लायनिंग प्लेटला किती घट्ट चिकटलंय याचीही चाचणी त्यात आहे. मंजुरी मिळालेल्या पॅडवर वर्तुळात ई हे अक्षर आणि देशाचा आकडा असतो, जसं जर्मनीसाठी ई१, ब्रिटनसाठी ई११, आणि जवळच ९०आरने सुरू होणारा क्रमांक. आपल्याकडे हा नियम लागू नाही. पण निर्यात करणाऱ्या आणि परदेशी उत्पादकांच्या मालावर ही खूण सापडते, आणि सापडली तर, ती खरी असेल तर, तो पॅड कुणीतरी खऱ्या ब्रेकवर तपासलाय एवढं नक्की कळतं.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट बघायलाच हवी, ती म्हणजे गंज. एका बाजूला खाडी, चार महिने पाऊस, सोसायटीच्या तळघरात ओल. स्वस्त पॅडची स्टील प्लेट नीट साफ न करता, नावापुरता रंग मारून त्यावर लायनिंग चिकटवलेलं असतं. कडेने गंज शिरतो, प्लेट आणि लायनिंग यांच्यामध्ये पसरतो, आणि गंजलेल्या लोखंडाचा फुगवटा लायनिंगला वर उचलू लागतो. आधी कडेला भेग दिसते. दुर्लक्ष केलं तर तुकडा निघू शकतो, आणि वर थर भरपूर शिल्लक असतानाही पॅड निकामी होतो. म्हणून पावसाळ्यानंतर चाकं काढली की मेकॅनिकला फक्त "किती उरलेत" एवढंच विचारू नका. प्लेट आणि लायनिंगची सांधरेषा टॉर्च मारून बघा. चार दिवस पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस थर येतो आणि पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, त्याची काळजी नको. तो गंज डिस्कचा असतो आणि पॅडच तो पुसून काढतात.

नकली मालाची धास्ती प्रत्येकालाच असते, आणि ती रास्त आहे. खोक्याची नक्कल करणं सोपं आहे, हॉलोग्रामची थोडं अवघड, पॅडची सर्वांत अवघड. सीलबंद खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काहीही नसेल तर तिथेच नको म्हणावं. मग पॅड हातात घ्या. प्लेटवर पार्ट नंबर किंवा बॅच नंबर ठसठशीत हवा. लायनिंगच्या कडा भुसभुशीत नकोत, नखाने पूड निघता कामा नये. जुना पॅड शेजारी ठेवून कान (प्लेटची दोन्ही बाजूंना बाहेर आलेली टोकं), खाचा, झीज सांगणारी पत्र्याची पट्टी आणि शिम जुळतात का ते बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा ऑनलाइन फारच स्वस्त मिळालं असेल तर ही तपासणी दुप्पट काळजीने करावी. अधिकृत डीलरच्या स्पेअरच्या काउंटरवर सुटे पॅड विकत घेऊन बाहेरच्या गॅरेजात बसवून घेता येतात, हे फार जणांना सुचत नाही.

बसवताना एक दृश्य दिसलं तर काम थांबवा: मेकॅनिक नव्या पॅडच्या कानांना ग्राइंडर लावतोय. पॅड ब्रॅकेटमध्ये, म्हणजे तो ज्या चौकटीत बसतो तिच्यात, हाताने सरकला पाहिजे. तो बसत नाही म्हणून घासावा लागत असेल, तर एक तर ब्रॅकेटमध्ये गंज आणि कचरा साचलाय, जो साफ करायला हवा, किंवा पॅडचं मापच चुकलंय आणि तो परत करायला हवा. ठोकून बसवलेला पॅड ब्रेक सोडल्यावर मागे सरकत नाही, डिस्कला घासत राहतो, तापतो, मायलेज खातो आणि लवकर संपतो. नंतर दोष मिश्रणाला दिला जातो.

खरं तर पॅडच्या अनेक तक्रारींचं मूळ पॅडमध्ये नसतंच. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या की एकच पॅड सगळं काम करतो. म्हणून जुने पॅड मागून घ्या आणि शेजारी ठेवा. एक कागदासारखा आणि दुसरा अर्धा शिल्लक असेल, तर महागडा जेन्युइन सेट लावूनही पुन्हा तेच होणार. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा, कारण साधं ग्रीस आतलं रबर फुगवतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल २०५ अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर तोच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. उकळलं की पेडल थेट खाली जातं, आणि तेव्हा पॅड कुठल्या खोक्यातला होता याने काहीच फरक पडत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावं. आणि साफसफाई करताना पॅडची पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. जुन्या किंवा अज्ञात मालात अॅस्बेस्टॉस नसेलच असं सांगता येत नाही, आणि तो धोका त्या मेकॅनिकच्या फुप्फुसाला असतो. ओल्या फडक्याने पुसलं तरी भागतं.

वॉरंटीची भीती घालून कुणी जेन्युइनच घ्यायला लावत असेल तर हे लक्षात असू द्या. पॅड झिजणारा भाग असल्यामुळे त्याच्या झिजेवर वॉरंटी सहसा नसतेच. आणि भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुट्या भागांच्या बाजारातल्या अडवणुकीबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा आदेशात असंही म्हटलं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. आदेशावर पुढे अपिलं झाली. म्हणून गाडी वॉरंटीत असताना बाहेर काम केलंत तर पार्ट नंबर असलेलं बिल जपून ठेवा.

माझी निवड विचाराल तर: रोजच्या शहरी गाडीला, नामांकित पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला, खुणा स्पष्ट असलेला पॅड मी बिनदिक्कत लावतो. वारंवार घाट उतरणाऱ्या, भरलेल्या सात आसनी गाडीला कंपनीचा किंवा आर९० ची खूण असलेलाच. खूण, नाव, बॅच नंबर यापैकी काहीच नसलेला पॅड कुठल्याही किमतीला नाही, फुकट दिला तरी नाही.

नवे पॅड, कुठलेही असोत, लगेच पूर्ण पकड देत नाहीत. गॅरेजमधून गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, कारण मागे ढकललेले पिस्टन पुढे यायला हवेत. नाहीतर पहिलाच ब्रेक रिकामा जातो. मग रविवारी पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, थोडं चालवून परत तेच करा. आठ-दहा वेळा झालं की ब्रेक न दाबता काही अंतर चालवून थंड होऊ द्या. डिस्कवर पॅडचा पातळ, सारखा थर बसतो आणि पकड स्थिर होते. त्यानंतरचे दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ शक्यतो आणू नका.

आणि बसवले त्याच दिवशी लायनिंगची जाडी मोजून बिलावर किलोमीटरसह लिहून घ्या. पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा मोजा. समजा ११ मिलिमीटरचे १२,००० किलोमीटरमध्ये ८ झाले, म्हणजे मिलिमीटरला ४,०००. ३ मिलिमीटरला बदलायचं धरलं तर अजून सुमारे २०,००० किलोमीटर हातात आहेत. पुढचा सेट दुसऱ्या उत्पादकाचा घेतलात, तर याच आकड्यांवरून तुमच्या गाडीत, तुमच्या रस्त्यावर, तुमच्या पायाखाली कुठला जास्त टिकला ते कळेल.